मोरबे आणि उलवे हिशेबात धरा, मग शाश्वत म्हणा

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरतोय: नवी मुंबई स्वच्छतेत पहिल्या तिनात, राहण्याजोग्या शहरांत दुसरी, स्वतःचं धरण, वर फ्लेमिंगो, म्हणजे देशातलं सगळ्यात शाश्वत शहर, पनवेल-उरणने आमच्याकडून शिकावं. माहिती बरीचशी खरी आहे, निष्कर्ष टिकत नाही.

‘स्वच्छतेत तिसरे.’ हो, 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात. ते श्रेय सफाई कामगारांचं. पण तिथे कचरा घरोघरी उचलतात का, ओला-सुका वेगळा करतात का, शौचालयं कशी आहेत, हे तपासतात. पाणी कुठून आणलं आणि डोंगर किती उरले, हे कुणी विचारत नाही.

‘राहण्याजोग्या शहरांत दुसरे.’ हा केंद्र सरकारच्या राहणीमान निर्देशांकाचा 2018 चा निकाल, 111 शहरांतला; पुणे पहिलं होतं. 2020 च्या यादीत दहा लाखांवरच्या शहरांत आपण सहावे. शहर एवढ्यात बिघडलं नव्हतं, मोजायची रीत बदलली होती: नागरिकांच्या मतांना 30 टक्के गुण आले. मेसेजवाल्याने कोणता निकाल उचलला ते दिसतंच आहे.

‘स्वतःचं धरण.’ खरी गोम इथे आहे. मोरबे खालापूर तालुक्यात, धावरी नदीवर, म्हणजे रायगड जिल्ह्यात. महापालिका ठाणे जिल्ह्यात. धरणाची क्षमता रोज 450 दशलक्ष लिटर. शहरांसाठीचा सरकारी निकष माणशी रोज 135 लिटरचा, आणि तो गाठला की शहर पास. ते पाणी कुणाच्या पाणलोटातून आलं, याला रकानाच नाही. शेजारचं पनवेल मात्र गाळाने भरलेल्या जुन्या देहरंग धरणाकडे बघत उन्हाळा काढतं. शहर आपल्या हद्दीबाहेरची किती जमीन आणि पाणी वापरतं, तेही मोजा, असं विल्यम रीस या कॅनडातल्या अभ्यासकाने 1992 सालीच मांडलं होतं. कोपरखैरणे आणि ऐरोलीला सांडपाणी आणखी शुद्ध करून कारखान्यांना देतात, ते मात्र खरंच चांगलं काम. मेसेजमध्ये नेमकं तेच नाही!

‘फ्लेमिंगो.’ ठाणे खाडीचं अभयारण्य 2015 चं, रामसर (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा) दर्जा 2022 चा. पण भरतीच्या वेळी पक्षी टेकतात ते नेरुळच्या पाणथळींवर, अभयारण्याच्या रेषेबाहेर. 2024 मध्ये तिथल्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येईना, तलाव सुकला. रेषेच्या आतलं सगळं जागच्या जागी होतं.

‘पनवेल-उरणने शिकावं.’ सिडकोने, म्हणजे शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीने, आखलेली नवी मुंबई 344 चौरस किलोमीटरची, ठाणे-पनवेल-उरणमधल्या 95 गावांची. आता सोयीपुरती महापालिकेची हद्द धरायची. ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन झालेलं विमानतळ नावाने नवी मुंबईचं, पण त्यासाठी कापलेली उलवे टेकडी आणि वळवलेली नदी पनवेल तालुक्यातली. पनवेल तालुक्यातल्याच तळोज्यात 2017 साली कुत्री निळी झाली होती, आठवतंय? कारखान्याच्या रंगाने. तीही या हिशेबात ‘बाहेरची’.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या अकराव्या, म्हणजे शहरांबद्दलच्या, उद्दिष्टात एक साधा निर्देशांक आहे: लोकसंख्या ज्या वेगाने वाढली, त्याच्या किती पट वेगाने जमीन बांधकामाखाली गेली. तो ऐरोलीपासून उरणपर्यंत एकत्र काढता येईल. महापालिका दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढते, त्यात मोरबेचं पाणलोट आणि उलवे यांना दोन पानं मिळाली तरी मेसेजवाल्याशी पुढचं बोलता येईल.