नोबेल 'आगा' चुलीसाठी नव्हतं

'अंध शास्त्रज्ञाने बायकोसाठी चूल बनवली आणि नोबेल पटकावलं' असा एक मजकूर फिरतोय. माणूस खरा, चूलही खरी. क्रम मात्र उलटापालटा. स्वीडनच्या गुस्ताव दालेन यांना भौतिकशास्त्राचं नोबेल १९१२ मध्ये मिळालं, ते दीपगृहांच्या गॅसदिव्यांसाठी लागणाऱ्या स्वयंचलित नियंत्रकांबद्दल. त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली. पारितोषिक घ्यायला भाऊ गेला. तो नेत्रतज्ज्ञ, हे आणखी विचित्र. 'आगा', म्हणजे वर तवे आणि आत भट्ट्या (ओव्हन) असलेली त्यांची बिडाची चूल, आली १९२२ मध्ये.

'प्रत्येक भट्टीचं तापमान बटणाने ठरवता येतं' हा दावाही पारंपरिक आगाला लागू नाही. (नव्या विजेच्या मॉडेलांचं वेगळं.) तिच्यात जाळ एकच आणि बिडाचं जाडजूड अंग रात्रंदिवस तापलेलं. भाजायची भट्टी साधारण २४० अंशांची, मंद भट्टी शंभराच्या थोडी वर. आच कमी करायची नाही, भांडंच हलवायचं: मटण आधी कडक भट्टीत लालसर करायचं, मग मंद भट्टीत तासन्‌तास सोडून द्यायचं. वरच्या तव्यांची झाकणं मात्र उघडी ठेवू नयेत. साठलेली उष्णता तिथून निघून जाते आणि भट्ट्याही थंडावतात.