एका रात्रीच्या रेटिंगवरून खेळ सोडायचा नसतो

"रोज वीस ब्लिट्झ डाव खेळा, रात्री रेटिंग वहीत लिहा. महिन्यात १०० गुण वाढले नाहीत तर बुद्धिबळ तुमच्यासाठी नाही." हा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. (ब्लिट्झ म्हणजे काही मिनिटांत संपणारा झटपट डाव, रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा.) तो वाचून नुकतीच खेळायला लागलेली भाची विचारते, "मग मी बंद करू का?"

अजिबात नको. आधी हिशेब बघ. तोडीस तोड खेळाडूशी ऑनलाइन खेळताना एका डावामागे साधारण ८ गुण येतात किंवा जातात. आता नाणं वीसदा उडव. १३-७ किंवा त्याहून एकतर्फी निकाल चारातल्या एका दिवशी लागतोच. म्हणजे खेळात काडीचा फरक न पडता रेटिंग एका दिवसात ४८ गुणांनी वर नाहीतर खाली! अशा आकड्यावरून कुणाला खेळ सोडायला सांगणं हा शुद्ध आचरटपणा आहे. शिवाय वीस ब्लिट्झनंतर चुका तपासायला त्राण उरतं कुणात?

मुळात ही मोजपट्टीच हलती आहे. १ मार्च २०२४ ला फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, २००० च्या खालच्या खेळाडूंचं स्टँडर्ड (लांब डावांचं) रेटिंग एकदाच वाढवून दिलं. २००० ला जितके गुण कमी, त्याच्या ०.४ पट भर. १५०० चा खेळाडू एकही चाल न खेळता १७०० चा झाला. त्या रात्रीत त्याचा खेळ सुधारला होता का?

असे आणखीही सल्ले ऐकू येतात. "ॲक्युरसी ९० टक्के हवी." ॲक्युरसी म्हणजे तुझ्या चाली संगणकाच्या सर्वोत्तम चालींच्या किती जवळ होत्या याची टक्केवारी. समोरच्याने दहाव्या चालीला वजीर फुकट घातला की ९० सहज येते. चाळीस चालींच्या किचकट डावात ७५ सुद्धा चांगली. "पझल रेटिंग म्हणजे खरी ताकद." पझल म्हणजे डावातली एक स्थिती देऊन चाल शोधायला लावणारं कोडं; त्यात इथे जोरदार चाल दडलेली आहे हे आधीच कळलेलं असतं, डावात ते कुणी सांगत नाही.

नोंद ठेवा, एवढं मात्र त्या मेसेजमधलं बरोबर आहे, मान्य. पण नोंद कशाची? प्रत्येकी १५ मिनिटं अधिक दर चालीला १० सेकंदांचा एक डाव खेळ आणि इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्रॅम) लावायच्या आधी स्वतः लिही: डाव कुठल्या चालीला बिघडला, ती चाल का केली, घड्याळात किती वेळ होता. असं:

"१७वी चाल. काळ्याचे वजीर आणि उंट एच२ या घरावर रोखलेले, तरी एफ३ चा घोडा उचलला. मात. माझ्याच हल्ल्यात गुंतले होते. ९ मिनिटं शिल्लक."

९ मिनिटं हाताशी होती, म्हणजे अडचण वेगाची नाही, समोरच्याची धमकी न बघण्याची आहे. तीस डावांत हे कारण १२ वेळा आलं, तर पुढचे तीस डाव प्रत्येक चालीआधी एवढंच तपास: समोरचा शह कुठून देईल, काय मारेल, कशाची धमकी आहे. १२ चे ४ झाले की खेळ सुधारला, त्या दिवशी रेटिंग काहीही दाखवो. ते बघायचंच असेल तर एकाच साइटवरचं, एकाच कालमर्यादेच्या डावांचं, तीन महिन्यांतून एकदा बघ.