रब्बी अकिवा सेनापती नव्हते

पहिल्या-दुसऱ्या शतकातले यहुदी धर्मपंडित रब्बी अकिवा यांच्याविषयीचा एक मजकूर समाजमाध्यमांवर वरचेवर फिरत असतो. त्यानुसार चाळिशीपर्यंत निरक्षर मेंढपाळ असलेले अकिवा 120 वर्षे जगले, इ.स. 132 ते 135 मधील बार कोखबाच्या रोमनांविरुद्धच्या यहुदी बंडात सेनापती झाले आणि त्यांचे 24,000 शिष्य रोमनांशी लढताना धारातीर्थी पडले.

निरक्षरतेच्या कथेला आधार आहे. 'अवोत द-रब्बी नातान' या ग्रंथात पाण्याच्या धारेने झिजलेला विहिरीकाठचा दगड पाहून ते मुलाला घेऊन पंतोजींकडे जातात आणि पाटीचे एक टोक बापाने, दुसरे मुलाने धरून दोघे अक्षरे गिरवतात. 120 वर्षांचे मात्र तसे नाही. 'सिफ्रे' या प्राचीन यहुदी भाष्यग्रंथात प्रेषित मोशे (मोझेस), हिल्लेल व योहानान बेन जक्काई हे धर्मपंडित आणि अकिवा या चौघांनाही तेवढेच आयुष्य, तेही चाळीस-चाळीस वर्षांचे तीन भाग पाडून, दिलेले आहे. मोशेच्या पंगतीला बसवण्याच्या या रीतीला जन्ममृत्यूची नोंद कसे म्हणावे?

शिष्यांविषयी बाबिलोनी तालमूद (तालमूद म्हणजे यहुदी धर्मचर्चांचा संग्रह; त्याच्या बाबिलोनी आणि यरुशलेमी अशा दोन आवृत्त्या आहेत) सांगतो की ते एकमेकांचा मान राखत नसत, म्हणून पेसाह ते शावुओत या दोन सणांमधल्या काळात घशाच्या रोगाने मेले. तिथे तलवारीचा उल्लेखही नाही. दहाव्या शतकात शेरिरा गाओन या यहुदी धर्माचार्यांनी धर्मछळाकडे बोट दाखवले खरे, पण छळात मरणे आणि रणांगणावर पडणे यांत फरक आहे.

सेनापतिपदाचा दावा सर्वांत कच्चा. यरुशलेमी तालमुदानुसार अकिवांनी बार कोखबाला 'हाच राजा मसीहा', म्हणजे दावीद राजाच्या वंशात येणारा तारणहार, म्हटले, त्यावर योहानान बेन तोर्ता या दुसऱ्या रब्बींनी त्यांना तोंडावर सुनावले, "अकिवा, तुझ्या गालांवर गवत उगवेल, तरी दावीदाचा पुत्र आलेला नसेल." पाठिंबा होता, तोही वादग्रस्त; सैन्याचे नेतृत्व कुठेच नाही. मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या बार कोखबाच्या पत्रांत अकिवांचे नावही नाही. अकिवा बार कोखबाचे शस्त्रवाहक होते, असे यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिदीस लिहितात. पण ते बाराव्या शतकात, म्हणजे घटनेनंतर हजार वर्षांनी.

रोमनांनी अकिवांना केलेल्या अटकेचे कारणही तालमूद वेगळेच देतो : रोमनांची बंदी झुगारून अकिवा लोकांना जमवून उघडपणे तोरा, म्हणजे यहुदी धर्मशास्त्र, शिकवत होते. लोखंडी फण्यांनी त्यांचे मांस ओरबाडले जात असताना ते 'शेमा' म्हणत होते, देव एकच असल्याची ग्वाही देणारी जी प्रार्थना कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांनीही पिढ्यान्‌पिढ्या जपली, आणि तिच्यातला 'एहाद' ('एक') हा शब्द लांबवत असतानाच त्यांचा प्राण गेला.