शाराकू गायब वगैरे झाला नव्हता

सध्या एक पोस्ट फिरतेय. बोटं फाकवून, जबडा पुढे काढून रोखून बघणारा जपानी नट आणि खाली मजकूर: शाराकू नावाच्या अज्ञात चित्रकारानं दहा महिन्यांत स्वतःच्या हातानं दीडशे काबुकी (जपानी लोकप्रिय नाटक) नट रंगवले, नट चिडले, सरकारनं बंदी घातली, आणि तो गायब झाला. तो कोण, हे आजवर कुणालाच ठाऊक नाही.

दहा महिने खरे, १७९४-९५ मधले. आकडाही जवळपास बरोबर, १४० च्या वर. बाकीचं एकेक घेऊ.

'स्वतःच्या हातानं रंगवले.' ही चित्रं रंगवलेली नाहीतच, छापलेली आहेत. शाराकू कागदावर रेषा काढून द्यायचा. कोरणारा तो कागद चेरीच्या फळीवर उपडा चिकटवून रेषांच्या आजूबाजूचं लाकूड काढायचा. त्यात मूळ रेखाटन कायमचं संपायचं. रंगांसाठी वेगळे ठसे. छापणारा तिसराच, तो ओलसर कागद ठशावर ठेवून मागून गोल गादीनं घासायचा. पोस्टमधल्या त्या नटाच्या, ओतानी ओनिजीच्या मागे जी काळसर चमक असते, ती अभ्रकाची. फोनवर नुसता करडा रंग दिसतो, हे दुर्दैव. आणि पैसा घातला होता प्रकाशक त्सुताया जूझाबुरोनं. एकट्या अवलियाचं हे काम नव्हेच.

'बंदी.' १७९४ साली नटांची चित्रं छापायला मनाई नव्हती. ती आली १८४२ साली.

'नट चिडले.' चिडले असतीलही. पण त्या काळचा लेखक ओता नान्पो यानं नोंदवलंय ते वेगळं: शाराकू नटांचे चेहरे फारच खरे काढायला गेला, म्हणून टिकला नाही. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांचा थोराड जबडा, उतरलेलं वय, काहीच त्यानं झाकलं नाही. गिऱ्हाईक म्हणजे नाटकवेडे लोक. त्यांना आपला लाडका नट देखणाच हवा. १७९४ सालीच तोयोकुनी हा दुसरा चित्रकार नटांना देखणं काढत होता, आणि पुढची ३० वर्षं त्याचं नाव गाजत राहिलं.

'गायब झाला.' पहिली २८ चित्रं मोठ्या चेहऱ्यांची, अभ्रकाची, ऐन भरातली. मग पूर्ण आकृत्या आल्या, कागद लहान झाले, अभ्रक गेलं. १७९५ च्या पहिल्या महिन्यापर्यंत रेषाही मरगळली. मला तरी यात गूढ दिसत नाही, उतरती कळा दिसते.

'कोण ते कुणालाच ठाऊक नाही.' साइतो गेश्शिन या लेखकानं १८४४ सालीच लिहून ठेवलंय: खरं नाव साइतो जूरोबेई, राहणार एदोतलं (आजचं टोकियो) हाच्चोबोरी, आवा प्रांताच्या सरदाराच्या पदरी असलेला नोह (जुनं दरबारी नाटक) नट. बरीच वर्षं लोकांना हे खोटं वाटायचं. १९९७ साली टोकियोजवळच्या कोशिगायातल्या एका बौद्ध मंदिराच्या मृत्यूनोंदीत हा जूरोबेई सापडला, आणि आता बहुतेक अभ्यासक त्यालाच शाराकू मानतात. नोंदीप्रमाणे तो १८२० साली, ५८ व्या वर्षी वारला. म्हणजे शेवटचं चित्र छापल्यावर हा 'गायब' माणूस आणखी २५ वर्षं जगला.