यादीत नसलेला तलाव

ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात. मासुंदा, उपवन, कचराळी, सिद्धेश्वर, आंबेघोसाळे... यादी पाठ असते आपल्याला. त्या यादीत कधीच न आलेल्या एका तलावाशेजारी मी सहा वर्षं नोकरी केली. परवा त्याचं नाव पुन्हा निघालं, म्हणून हे लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

1996. हातात बी.एस्सी. केमिस्ट्री, सेकंड क्लास. नवी मुंबईत रबाळ्याला एमआयडीसीत रंगासाठी लागणारी रसायनं बनवणारी एक छोटी कंपनी होती. आज ती नाही, त्यामुळे नाव राहू दे. शेडच्या मागे एक मोठा खड्डा, आत काळं प्लास्टिक अंथरलेलं, चहूबाजूंनी मातीचा बांध. कागदोपत्री त्याला ‘सोलर इव्हॅपोरेशन पाँड’ म्हणत. आम्ही म्हणायचो तलावपाळी, ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या काठावरून. ‘आज तलावपाळीवर कोण?’ म्हणजे आज लेव्हल घ्यायची पाळी कोणाची.

खड्ड्याच्या मधोमध एक बांबू रोवलेला, त्यावर तांबड्या ऑइलपेंटने वीत-वीतभर अंतरावर रेघा. बांधावर उभं राहून रेघा मोजायच्या आणि रजिस्टरात आकडा टाकायचा. पाण्याचा रंग बॅचप्रमाणे बदलायचा, कधी कॉफीसारखा, कधी जांभळा. बांधावर ठेवलेल्या सायकलची चेन दोन महिन्यांत गंजून तुटायची. आणि पावसाळ्यात कंपाउंडपलीकडे बेडूक कान किटेपर्यंत ओरडायचे, अलीकडे एक नाही. हे मला तेव्हा नुसतं गमतीचं वाटायचं.

खड्ड्यात जायचं काय? मुख्यतः एमएल, म्हणजे मदर लिकर. माल गाळून घेतल्यावर खाली उरतं ते. आम्लं, ढीगभर मीठ, न लागलेला कच्चा माल आणि थोडं सॉल्व्हंट, म्हणजे रसायन विरघळवायला वापरलेला द्रव. इतकं मीठ असलेलं पाणी सामायिक सांडपाणी केंद्राला नको असतं, कारण तिथलं काम जिवाणूंच्या भरवशावर चालतं आणि ते या खारात टिकत नाहीत. मग उरतं ऊन. फुकटचं.

या पद्धतीतली लबाडी तिच्या नावातच आहे. बाष्पीभवन होतं ते पाण्याचं. सॉल्व्हंट पाण्याच्याही आधी उडतं, तुमच्याआमच्या नाकात. मीठ आणि धातू कुठेही जात नाहीत, तळाशी गाळ होऊन बसतात आणि दर वर्षी थर वाढतो. म्हणजे विल्हेवाट लागतच नाही, नुसता साठा होतो.

त्यात हे कोकण. चार महिन्यांत दोन-अडीच मीटर पाऊस पडणाऱ्या जागी उघडा खड्डा ठेवून त्यातलं पाणी आटवायचं! मे महिन्यात बांबूच्या चार रेघा उघड्या पडलेल्या असायच्या, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एकही दिसायची नाही. मग रात्रपाळीला पंप लागायचा. पाइप मागच्या नाल्यात, नाला खाडीत. सकाळी रजिस्टरात ‘पंप बंद’ लिहिलेलं असायचं. त्यातल्या कित्येक नोंदींखाली सही माझी आहे. हे मी पंचवीस वर्षांत घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं.

घणसोलीचे एक मामा आमच्याकडे हेल्पर होते. खाडीवर वाढलेला माणूस, निवट्या आणि चिंबोऱ्या पकडून शिकलेला. ते पहिल्याच वर्षी म्हणाले होते, ‘पानी वर नाय जात, खारीन जाते.’ म्हणजे खाडीत. पंपाबद्दल म्हणत असावेत असं मला वाटलं. ते बोलत होते उन्हाळ्याबद्दल. प्लास्टिकला जागोजागी भोकं होती. मागे पारसिकचा डोंगर, पुढे खाडी, जमिनीखालच्या पाण्याची वाट उताराने ठरलेली. आम्हाला वाटायचं, ऊन काम करतंय.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. कॅलिफोर्नियात स्ट्रिंगफेलो नावाची खाणीची जागा होती, तिथे 1956 ते 1972 या काळात उघड्या खड्ड्यांत साडेबारा कोटी लिटरच्या वर रासायनिक द्रव ओतला गेला. 1978 ला जोराचा पाऊस झाला, बांध फुटेल म्हणून सरकारनेच त्यातलं थोडं पाणी सोडून दिलं, आणि खालच्या वस्तीत फेस वाहत आला. पोरं त्या फेसात खेळली. पुढे 1984 मध्ये अमेरिकेने कायदा कडक केला. जुन्या तळ्यांना नोव्हेंबर 1988 पर्यंतची मुदत दिली: दुहेरी अस्तर लावा, गळती कळायची सोय करा, नाहीतर घातक कचरा घेणं थांबवा. बहुतेकांनी हिशोब केला आणि तळं बंद करणं पत्करलं. अस्तराचा खरा खर्च मांडला की फुकटचं ऊन परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा अशी तळी बंदच व्हायला हवीत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ‘बंद करा’ म्हटल्यावर पुढे काय होतं, ते आपल्या पट्ट्याने चांगलं पाहिलंय. खड्डा बंद झाला की पाणी टँकरमध्ये चढतं. 2014 च्या नोव्हेंबरअखेरीस उल्हासनगरला वालधुनी नदीत टँकरमधून रसायन सोडलं गेलं, शेकडो माणसं खोकत, डोळे चोळत हॉस्पिटलात पोहोचली. 2022 च्या जानेवारीत सुरतजवळ सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत टँकर नाल्यात रिकामा होताना वायू पसरला आणि सहा कामगार गेले. तपासाचा धागा तळोज्यापर्यंत आला होता. त्याच तळोज्यात 2017 ला कारखान्याच्या रंगाने निळी झालेली कुत्री फिरत होती, फोटो सगळ्यांनी फॉरवर्ड केले, हसले. मीही केला होता.

आमच्यासारख्या वीस माणसांच्या कंपनीला स्वतःचं बाष्पीभवन यंत्र परवडत नाही. वाफेचं बिलच धंद्याच्या नफ्याहून मोठं. म्हणून सामायिक व्यवस्था लागते. आपल्याकडे महापे, तळोजा इथे घातक कचऱ्याची केंद्रं आहेत: गाळ सिमेंट वगैरे मिसळून घट्ट करायचा आणि खाली अस्तर लावलेल्या भरावात टाकायचा, जाळण्याजोगं ते भट्टीत. मालाबरोबर सात रंगांच्या प्रतींचा मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कुठून कुठे चालला त्याची चिठ्ठी, जातो. त्यातली निळी प्रत केंद्राकडून कंपनीकडे परत येते, माल पोहोचला म्हणून. माझं स्पष्ट मत आहे की निळी प्रत आल्याशिवाय टँकरवाल्याचा पैसाच निघू नये. स्वस्तात उचलतो म्हणणारा माणूस नाल्याच्या भावात उचलतो, हे प्रत्येक मालकाला माहीत असतं.

पण माझा खरा मुद्दा टँकरचा नाही. गाळाचा आहे.

2001 मध्ये आमची तलावपाळी ‘बंद’ झाली. कशी? एप्रिलमध्ये कोरडी पडलेली, चार डंपर मुरूम आला, जेसीबीने बांध आत लोटला, वर रोलर फिरवला. गाळ काढला नाही, माती तपासली नाही. दोन दिवसांत काम झालं. दुसऱ्या वर्षी तिथे स्कूटर पार्किंग. आपल्याकडे बुजवणं आणि बंद करणं यांत कुणी फरकच केला नाही. अमेरिकेच्या नियमात गाळ तिथेच ठेवून झाकला, तर पुढे साधारण 30 वर्षं आजूबाजूच्या बोअरचं पाणी तपासत बसावं लागतं. आम्ही तीस दिवसही कुणी फिरकलो नाही.

गेल्या मे महिन्यात त्या प्लॉटवर मोठ्या इमारतीचा पाया खणायला घेतला. शेजारच्या गाळ्यात काम करणाऱ्या आमच्या जुन्या फिटरने व्हिडिओ पाठवला. दहा-बारा फुटांखाली जांभळी माती. काळ्या प्लास्टिकच्या चिंध्या. आणि तो वास, तो म्हणाला, ‘साहेब, ओळखीचा वास आला.’ ती माती डेब्रिज म्हणून डंपरात भरून गेली. कुठे गेली, कुठल्या भरावात, कुणाच्या अंगणात, कुणी विचारलं नाही. नवी मुंबईला प्यायला मोरबे धरणाचं पाणी आहे म्हणून आपण निवांत असतो. पण बांधकामाला, बागेला, गाड्या धुवायला बोअरचंच पाणी मारतात ना?

जुलै 2025 मध्ये केंद्राने प्रदूषित जागांबद्दल स्वतंत्र नियम काढले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची माहिती द्यायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासायची, ज्याने घाण केली त्याच्याकडून खर्च वसूल करायचा. चांगलंय. पण जिल्हा कार्यालयातल्या क्लार्कला कसं कळणार की अमुक पार्किंगखाली काय पुरलंय? गूगल मॅपवर ते दिसत नाही. सर्व्हे नंबरवरून कळत नाही. ते माहीत आहे रिटायर झालेल्या ऑपरेटरांना, फिटरांना, हेल्परांना. माझ्यासारख्या सह्या करणाऱ्यांना. रबाळे, महापे, पावणे, तुर्भे, वागळे इस्टेट, तळोजा. यातली निम्मी माणसं साठीच्या पुढे गेली आहेत. मामा तर करोनाच्या पहिल्या लाटेतच गेले.

म्हणून रविवारी फिटरला घरी बोलावलं. लाइटबिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर कंपनीचा नकाशा काढला. गेट, बॉयलर, शेड, मागचा नाला. खड्ड्याच्या कडेवरून आमचं वाजलं. मी म्हणालो कंपाउंडपासून वीस फूट, तो म्हणाला पंधरा. शेवटी त्याने पेन माझ्या हातातून घेतलं आणि एक ठिपका काढला.

‘बांबू इथे होता,’ म्हणाला. ‘मीच रोवलेला.’

ही जागा तपासा म्हणून जिल्हा कार्यालयाला अर्ज करतोय, त्यासोबत तो कागद जोडतोय. तुमच्या कंपनीत असा तलाव होता का? कमेंटमध्ये नको, नावं-पत्ते तर अजिबात नकोत. मला इनबॉक्स करा, अर्जाचा मसुदा पाठवतो.