भात, युरिया आणि सोलापूरकराचा आगाऊपणा

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया वाचली. "सोलापूरच्या माणसानं भातावर लिहावं म्हणजे कमालच. युरिया शेवटी युरिया, जमीन कुठलीही असो. पेणला आमच्या मामांनी एकरी दोन गोण्या जादा टाकल्या, शेत कसलं हिरवंगार झालंय!" असं तुमचं म्हणणं.

पहिला टोला झकास. साडेपाचशे मिलिमीटरच्या पावसात आम्हाला भात दिसतो तो ताटातच. पण रान बघून खत द्यायचं, हे इथल्या कोरडवाहू शेतकऱ्याला कुणी सांगायला लागत नाही. रब्बी ज्वारीला हलक्या रानात हेक्टरी २५ किलो नत्र (नायट्रोजन), मध्यम रानात ४० आणि भारी रानात ६०, अशी शिफारसच आहे. ओल जेवढी टिकेल तेवढंच नत्र लागू पडतं. आणि तेही दोन चाड्याच्या पाभरीनं, म्हणजे बी आणि खत वेगवेगळ्या नळ्यांतून सोडणाऱ्या पेरणीच्या अवजारानं, मातीत पेरून. आमच्या चुनखडीच्या रानात वर फोकलेल्या युरियाचा अमोनिया होतो आणि हवेत जातो.

आता भात. ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र, ते पेणलाही तेवढंच आणि गोंदियालाही. प्रश्न मुळापर्यंत किती पोचतं याचा आहे, आणि भाताच्या बाबतीत ते बहुतेक वेळा निम्म्याच्याही खाली असतं. वाळूसर जमिनीत पाणी झिरपतं, त्याच्याबरोबर नत्रही खाली जातं. तिथं थोडं थोडं, जास्त वेळा द्यावं लागतं. विदर्भातल्या कन्हारसारख्या चिकण जमिनीत युरियापासून झालेलं अमोनियम मातीच्या कणांना धरून राहतं. पण तिथंही सगळं सुखरूप नाही. चिखलाच्या अगदी वरच्या पातळ थरात हवा असते, तिथं अमोनियमचं नायट्रेट तयार होतं. ते खाली बिनहवेच्या चिखलात उतरलं की जिवाणू त्याचा वायू करून टाकतात.

कोकणातली जांभी माती आम्लधर्मी, म्हणून अमोनिया उडणार नाही, असं वाटेल. पण भर दुपारी खाचराच्या, म्हणजे बांध घातलेल्या भातशेताच्या, पाण्याकडे बघा. शेवाळ उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि त्या पाण्याचा सामू (पीएच) ९ पर्यंत चढतो, म्हणजे पाणी अल्कधर्मी होतं आणि अमोनिया उडतो. माती आम्ल असो नाहीतर काही असो, वर पसरलेला युरिया आधी त्या पाण्यात विरघळतो. म्हणून तर भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) यांच्या २.७ ग्रॅमच्या गोळ्या चार चुडांच्या (रोपांच्या झुपक्यांच्या) मधोमध, सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात. काम कंबर मोडणारं आहे, आणि मजूर मिळत नाहीत हेही खरं.

नीमकोटिंगनं, म्हणजे युरियाच्या दाण्यांवरच्या कडुलिंबाच्या तेलाच्या लेपानं, नायट्रेट होण्याचा वेग कमी होतो. अमोनिया उडणं त्यानं थांबत नाही, त्यामुळे "आता सगळा युरिया नीमकोटेडच येतो" हा तुमचा मुद्दा अर्धाच खरा.

राहिला हिरवेपणा. पानं काळपट हिरवी होणं आणि लोंब्या भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या खाचरात शेणखत, पालापाचोळा भरपूर, तिथं माती स्वतःच बरंच नत्र देते. वरून दोन गोण्या गेल्या की पीक माजतं, करपा आणि तुडतुडे येतात, आणि दाणे भरायच्या वेळी पाऊस-वारा आला की शेत लोळतं. मामांना चुडाचा बुंधा फाकवून बघायला सांगा, तुडतुडे पाण्याच्या लगतच बसतात.

आणि एवढं विचारून कळवा: खाचर डोंगरउतारावरचं आहे की खाडीकडचं, आणि त्या जादा गोण्या एकदम टाकल्या की लावणी, फुटवे आणि लोंबी धरताना वाटून?