दहाच्या आतली माणसे

21 नोव्हेंबर 2025 रोजी भारतातील चारही कामगार संहिता अमलात आल्या आणि तेव्हापासून मायदेशातील मित्रमंडळींशी होणाऱ्या बोलण्यात एक वाद हमखास निघतो. एका बाजूचे म्हणणे असे, की 13 जुने कायदे एकत्र करून बनलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेमुळे लहान व्यावसायिकांची कागदपत्रांच्या जाचातून सुटका होईल. दुसऱ्या बाजूला वाटते, की कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा 20 कामगारांवरून 50 वर नेल्यामुळे छोट्या ठेकेदारांची माणसे वाऱ्यावर सोडली गेली आहेत. महाराष्ट्राने तर ही मर्यादा त्याआधीच 50 केली होती, याची आठवणही कोणीतरी करून देतो. मग दोन्ही बाजू माझ्याकडे वळतात आणि विचारतात, "तुमच्याकडे कसे असते?" मी गेली नऊ वर्षे इंग्लंडमध्ये स्वयंचलित कार वॉश केंद्रे चालवणाऱ्या एका कंपनीत बाहेरून येणाऱ्या कंत्राटदारांच्या कामाचे नियोजन पाहते. त्यामुळे या प्रश्नाला उत्तर देण्याचा थोडाफार अधिकार मला आहे, परंतु विचारणाऱ्याला हवे असते तितके सरळ उत्तर माझ्यापाशी नाही.

कार वॉश ही जागा या वादासाठी मुद्दाम निवडावी अशी आहे, कारण तिथे माणसे थोडी आणि धोके भरपूर असतात. एका केंद्रावर आमचे स्वतःचे दोन किंवा तीन कर्मचारी असतात. बाकी सारे बाहेरचे: ब्रश आणि मोटर दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, वीजतंत्री, जमिनीखालच्या टाकीतला गाळ उपसणारे टँकरवाले, रसायनांचे पिंप पोहोचवणारा, कधी छपराची गळती काढणारा. यांतला प्रत्येक जण बहुधा एकटा किंवा जोडीने येतो, काही तास थांबतो आणि निघून जातो. दिवसाअखेरीस मोजदाद केली तरी आकडा दहापर्यंत पोहोचत नाही.

धोक्यांचे म्हणाल तर सर्वांत फसवा धोका बंद मशीनचा असतो. समोरच्या पॅनेलवरचे लाल बटण दाबले की ब्रश थांबतात आणि पाहणाऱ्याला वाटते की यंत्र बंद झाले. प्रत्यक्षात ते फक्त थांबलेले असते. पैसे भरण्याच्या खांबावरून आलेला संकेत किंवा गाडी आल्याची सेन्सरची चुकीची समजूत त्याला पुन्हा जागे करू शकते. म्हणून आतल्या भागाला हात लावण्यापूर्वी वीजपुरवठा मुख्य स्विचपाशी तोडायचा, हवेच्या आणि पाण्याच्या नळ्यांमधला उरलेला दाब सोडायचा, स्विचला काम करणाऱ्याने स्वतःचे कुलूप लावायचे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, असा नेम आहे. किल्ली केंद्रप्रमुखाच्या टेबलावर ठेवून चालत नाही, कारण बाहेर गाड्यांची रांग वाढू लागली की टेबलावरच्या किल्लीला पाय फुटतात.

दुसरा धोका जमिनीखाली असतो. धुतलेले पाणी पुन्हा वापरण्यासाठी ते एका टाकीत साठवले जाते. तळाशी चिखल, तेल आणि साबण यांचा थर बसतो, प्राणवायू संपतो आणि जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. या वायूला सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, परंतु प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते आणि वास नाहीसा झाल्यावर माणसाला वाटते की आता हवा चांगली आहे. टाकीत पडलेल्याला काढण्यासाठी मागोमाग उतरलेला दुसरा माणूसही तिथेच राहतो, हे गटारे आणि मलटाक्या साफ करणाऱ्यांच्या मृत्यूंच्या बातम्या वाचणाऱ्या भारतीयाला समजावून सांगावे लागत नाही. त्या मृत्यूंबाबत ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची रक्कम 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली. कार वॉशची टाकी म्हणजे मलटाकी नव्हे. पण आत उतरणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांना हा फरक कळत नाही.

निसरडी जमीन, ओल्या जागेतील वीज, कोमट पाण्याच्या तुषारांतून पसरू शकणारा लिजिओनेला जिवाणू, प्रेशर वॉशरच्या धारेने त्वचेखाली शिरलेले पाणी (जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि तरीही तातडीची शस्त्रक्रिया लागू शकते) हे सगळे आहेच. परंतु मला सविस्तर सांगायचे आहे ते रसायनाविषयी, कारण त्यात चूक आमची होती.

चाकांवरचा काळा थर काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा ते निर्माण करणारे अमोनियम बायफ्लोराइड असते. हे आम्ल सौम्य असेल तर लागल्याबरोबर दुखत नाही. ते त्वचेतून आत जाते, तिथल्या कॅल्शियमला धरते आणि काही तासांनी ठणका सुरू होतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात 2001 ते 2013 या काळात गाड्या आणि ट्रक धुण्याच्या कामातून या आम्लाने भाजल्याची 48 प्रकरणे नोंदली गेली, यावरून ते किती सहज हाताळले जाते याची कल्पना यावी. आमच्या एका केंद्राने पुरवठादार बदलला आणि नवे द्रावण आले. आमच्या कर्मचाऱ्यांना त्याची माहितीपत्रके मिळाली, प्रथमोपचार पेटीत या आम्लाने भाजल्यास लावायचे कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम ठेवले गेले, सगळे रीतसर झाले. तीन आठवड्यांनी पंप दुरुस्त करायला आलेल्या कंत्राटी तंत्रज्ञाकडे मात्र जुन्याच द्रावणाचे पत्रक होते. त्याच्या हातमोज्याला बारीक छिद्र होते. बोटे ओली झाली, त्याने ती नळाखाली धरली आणि दुखत नाही म्हणून काम चालू ठेवले. परतीच्या वाटेवर बोटे ठणकू लागली तेव्हा त्याने फोन केला. मलम ज्या पेटीत होते तिथून तो तोपर्यंत बराच लांब गेला होता. उपचार वेळेत मिळाले आणि बोटे वाचली.

चौकशीच्या वेळी मी मनाशी एक बचाव तयार ठेवला होता: फाटका हातमोजा त्याचा, त्याची जबाबदारी त्याच्या मालकाची. हा बचाव मांडायची वेळच आली नाही. पहिला प्रश्न मला विचारला गेला, आणि तो असा होता, की रसायन बदलल्याचे या माणसाला कोणी सांगायचे होते. सांगायचे मी होते. हातमोज्याची चौकशीही झाली, पण नंतर.

हा प्रश्नांचा क्रम कोणाच्या सौजन्यातून आलेला नाही. ब्रिटनच्या 1974 च्या कामावरील आरोग्य व सुरक्षा कायद्याचे तिसरे कलम व्यवसाय चालवणाऱ्यावर, जे आपले नोकर नाहीत पण आपल्या कामामुळे ज्यांना धोका पोहोचू शकतो अशांचेही, वाजवी मर्यादेत शक्य तितके रक्षण करण्याचे कर्तव्य टाकते. या कलमाचा अर्थ पक्का झाला तो असोसिएटेड ऑक्टेल या रासायनिक कंपनीच्या खटल्यात. 1990 मध्ये वार्षिक देखभालीसाठी कारखाना बंद असताना एका विशेषज्ञ कंत्राटदाराचा कामगार टाकीच्या आत अ‍ॅसिटोनने सफाई करत होता. दिव्याचा बल्ब फुटला, बाष्पाने पेट घेतला आणि तो गंभीर भाजला. कंत्राटदार स्वतंत्र आहे, काम कसे करावे हे त्याने ठरवायचे, असे कंपनीने म्हटले. 1996 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, ते अमान्य केले: आपल्या कारखान्यातील यंत्रांची सफाई आणि दुरुस्ती हा आपल्याच व्यवसायाचा भाग ठरू शकतो, आणि तो तसा ठरला तर काम दुसऱ्याला दिल्याने कर्तव्य दुसऱ्याकडे जात नाही.

मायदेशात ही गोष्ट सांगितली की ऐकणारे म्हणतात, "असा कायदा आपल्याकडे हवा." त्यांना मी सांगते, की या विचाराचे बीज आपल्याकडे ब्रिटनच्या या कायद्यापेक्षा 51 वर्षे जुने आहे. 1923 च्या भरपाई कायद्याच्या बाराव्या कलमानुसार ठेकेदाराच्या कामगाराला अपघात झाला तर तो मुख्य मालकाकडे भरपाई मागू शकत असे आणि मालकाने ती ठेकेदाराकडून वसूल करून घ्यायची असे. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातही ठेकेदाराने सोयी पुरवल्या नाहीत तर त्या मुख्य नियोक्त्याने पुरवाव्यात, असे होते. म्हणजे जबाबदारी साखळीच्या वरच्या टोकाला नेण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. परंतु भरपाई अपघातानंतर येते, आणि जागेवर येणाऱ्या माणसाला आधी काय सांगायचे, याचे बंधन घालणाऱ्या तरतुदी डोकी मोजून लागू होतात. नव्या संहितेतही सर्वसाधारण आस्थापनेसाठी उंबरठा दहा कामगारांचा आहे. धोकादायक म्हणून अधिसूचित केलेल्या कामांना तो लागू होऊ नये अशी सोय ठेवलेली आहे. पण त्यासाठी आधी कोणीतरी गाडी धुण्याच्या जागेकडे धोक्याची जागा म्हणून पाहिले पाहिजे. आपल्या वादांमध्ये धोकादायक काम म्हटले की डोळ्यांसमोर बॉयलर आणि खाणी येतात. साबणाचा फेस येत नाही.

ब्रिटनमध्येही आकडा आहे, आणि तो माझ्या मते या सगळ्या तुलनेतील सर्वांत बोलका तपशील आहे. पाच किंवा अधिक कर्मचारी असतील तर सुरक्षा धोरण आणि धोक्यांच्या मूल्यमापनातील ठळक बाबी लेखी ठेवाव्या लागतात. पाचांपेक्षा कमी असतील तर लिहिण्यापासून सूट मिळते. कर्तव्यापासून सूट मिळत नाही. लहान व्यावसायिकाला दिलासा द्यायचाच असेल तर तो कागदात द्यावा, टाकीतल्या हवेत देऊ नये, हा भेद मायदेशातील चर्चेत मला क्वचितच ऐकू येतो. एक बाजू जाच कमी करा म्हणते, दुसरी बाजू संरक्षण काढू नका म्हणते, आणि दोघीही जाच आणि संरक्षण एकाच गाठोड्यात बांधून बोलतात.

इथवर वाचून परदेशाची आरती चालली आहे असे कोणाला वाटेल, तर माझ्या कार्यालयापासून काही मिनिटांवर असलेल्या हाताने गाड्या धुण्याच्या केंद्राकडे पाहावे. तिथे साध्या बुटांतली माणसे भर थंडीत हातमोज्यांशिवाय तेच चाकांचे द्रावण फवारत असतात. ब्रिटिश संसदेच्या पर्यावरणविषयक समितीने नोव्हेंबर 2018 मध्ये अशा केंद्रांवर अहवाल दिला. देशात ती 10,000 ते 20,000 असावीत, असा अंदाज त्या वेळी मांडला जात होता. अंदाजातच 10,000 चा फरक असलेल्या जागांवर तपासनीस कुठे कुठे पोहोचणार? 2015 मध्ये लंडनच्या बेथनल ग्रीन भागात अशाच केंद्रावर काम करणारा एक रोमानियन कामगार मालकाने दिलेल्या निवाऱ्यात अंघोळ करताना विजेच्या धक्क्याने मरण पावला आणि मालकाला सदोष मनुष्यवधासाठी तुरुंगवास झाला. त्याच्यासाठीही 1974 चा कायदा होताच. डोकी न मोजणारा कायदासुद्धा ज्यांना मोजायचेच नाही असे ठरलेले असते त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि ती माणसे बहुतेक वेळा बाहेरून आलेली असतात. स्थलांतरित म्हणून मला हे बोचते, कारण त्यांच्यात आणि माझ्यात असलेला फरक व्हिसाच्या प्रकाराचा आणि इंग्रजी वाचता येण्याचा आहे.

रीतसर चालणाऱ्या केंद्रांचेही सगळे आलबेल असते असे नाही. काम सुरू करण्यापूर्वी कंत्राटदाराने धोक्यांचे मूल्यमापन आणि कामाच्या पद्धतीचा लेखी तपशील पाठवायचा असतो. माझ्याकडे येणाऱ्या कागदांपैकी कित्येक जसेच्या तसे उतरवलेले असतात. एकदा तर एका शाळेचे छप्पर दुरुस्त करण्याचा तपशील फक्त वरचे नाव बदलून कार वॉशच्या पंपासाठी आला होता. एकट्याने धंदा करणारा वीजतंत्री प्रत्येक कंपनीच्या वेगवेगळ्या नमुन्यात तीच माहिती भरत बसतो, आणि ज्यांच्याकडे कागद भरायला वेगळा माणूस आहे अशा मोठ्या कंत्राटदारांनाच काम मिळत जाते. जाचाची तक्रार करणारे माझे मित्र याबाबतीत पूर्णपणे बरोबर आहेत. मी स्वतः आता 40 पानांच्या फाइलपेक्षा दारातल्या दहा मिनिटांवर अधिक भर देते: शेवटच्या भेटीनंतर इथे काय बदलले, तुम्ही काय उघडणार, कुठे उतरणार, किल्ली कोणाच्या खिशात, आणि काही झाले तर पेटी कुठे. बदललेले काही नसेल तर तेही सांगायचे. आणि मग त्याने मला सांगायचे, की तो सोबत काय घेऊन आला आहे, कारण कंत्राटदाराच्या डब्यातील द्रावणाने माझ्या माणसाचा हात भाजू शकतो आणि त्याने रोवलेली शिडी माझ्या ग्राहकाच्या वाटेत येऊ शकते.

ही दहा मिनिटे मायदेशात का शक्य नाहीत, असे मी विचारले की उत्तर येते, "इथे कोणी ऐकत नाही." मला ते पटत नाही. इथेही कोणी आवडीने ऐकत नाही. गाड्यांची रांग लागलेली असताना केंद्रप्रमुखाच्या चेहऱ्यावर जी अधीरता असते ती सगळीकडे सारखीच असावी. इथे तो थांबतो, कारण अपघात झाला तर पहिला प्रश्न त्याला विचारला जाणार आहे हे त्याला ठाऊक असते. आपल्याकडे पहिला प्रश्न ठेकेदाराला विचारला जातो, ठेकेदार पोटठेकेदाराकडे बोट दाखवतो आणि पोटठेकेदाराचा फोन बंद लागतो.

तो तंत्रज्ञ दोन महिन्यांनी पुन्हा आमच्या केंद्रावर आला. मी दारातच द्रावणांची यादी त्याच्या हाती दिली आणि ती त्याने वाचण्याची वाट पाहत उभी राहिले. त्याने शेवटपर्यंत वाचली, तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, "हे मागच्या महिन्यात बदलले का?" मला माहीत नव्हते. आम्ही दोघे मिळून साठवणीच्या खोलीत पिंपांवरची लेबले पाहायला गेलो.